कातोव्हित्सेचा वाद्यवृंद : एका रेडिओ-ऑर्केस्ट्राची नऊ दशके

१९९०च्या दशकाच्या मध्यावर मुंबईत काळा घोडा परिसरातल्या एका दुकानातून मी गुरेत्स्कीच्या तिसऱ्या सिंफनीची सीडी विकत घेतली. दुकान आता बंद झाले आहे. ही सीडी निवडण्याचे खरे कारण किंमत हे होते. शेजारच्या कप्प्यात कारायान आणि बर्नस्टाइन यांच्या चकचकीत सीड्या होत्या. त्या परवडत नव्हत्या, आणि ‘नॅक्सॉस’ या कंपनीच्या पांढऱ्या कव्हरांच्या सीड्या परवडत होत्या. कव्हरवर वृंदाचे नाव होते ‘पोलिश नॅशनल रेडिओ सिंफनी ऑर्केस्ट्रा’, आणि त्याच्यापुढे कंसात एका गावाचे नाव, कातोव्हित्से. मी मनाशी हिशेब केला की हा कुठल्यातरी आडगावचा दुय्यम वृंद असणार, त्याशिवाय का एवढा स्वस्त मिळतो!

हा गैरसमज जायला बरीच वर्षे लागली. पुढे लुतोस्वाव्स्की ऐकू लागलो, पेंदेरेत्स्की ऐकू लागलो. प्रत्येक वेळी सीडीसोबतच्या पुस्तिकेत, कधी प्रथम प्रयोगाच्या नोंदीत तर कधी ध्वनिमुद्रणाच्या नोंदीत, तेच गाव पुन्हा भेटत गेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या पोलिश संगीताचा मोठा भाग या कोळशाच्या गावातून आपल्यापर्यंत आला आहे, हे उमगल्यावर या वृंदाच्या इतिहासाकडे मी वळलो. हा इतिहास राखेतून उठलेल्या फिनिक्सची कथा म्हणून सांगण्याची रीत आहे. वॉर्सॉत जन्म, युद्धात नाश, कातोव्हित्सेत पुनर्जन्म, शेवटी भव्य सभागृह. यातले काहीच खोटे नाही. तरी या मांडणीत मूळ मुद्दा हरवतो, असे माझे मत आहे. हा वृंद रेडिओचा आहे, आणि त्याची थोरवी व त्याची कुचंबणा या दोन्ही गोष्टी त्या एकाच वस्तुस्थितीतून आल्या आहेत.

फितेलबेर्गचा वृंद

पोलिश रेडिओचे नियमित प्रसारण १९२६ साली वॉर्सॉत सुरू झाले. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९३५मध्ये, ग्शेगोश फितेलबेर्गने रेडिओसाठी सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. फितेलबेर्ग तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता. आजच्या लाटवियातल्या, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या गावात एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘तरुण पोलंड’ म्हणून ओळखल्या गेलेल्या संगीतकारांच्या गटात तो होता. कारोल शिमानोव्हस्की त्याच गटातला. फितेलबेर्गने स्वतःची संगीतरचना हळूहळू बाजूला ठेवली आणि मित्रांच्या रचना लोकांसमोर आणण्याचे काम पत्करले. दियागिलेव्हच्या ‘बॅले रूस’साठी त्याने कंडक्टर म्हणून काम केले, आणि १९२२ साली पॅरिसमध्ये स्त्राविन्स्कीच्या ‘माव्रा’ या ऑपेराचा पहिला प्रयोग त्याच्याच हाताखाली झाला.

अशा माणसाच्या हाती रेडिओचा वृंद आला याला महत्त्व आहे. तिकीटविक्रीवर चालणाऱ्या वृंदाला श्रोता काय मागतो हे आधी पाहावे लागते, आणि श्रोता बहुधा ओळखीचेच मागतो. रेडिओच्या वृंदातला वादक पगारी असतो, त्याच्यापुढे रिकाम्या खुर्च्यांची भीती नसते. नवी रचना बसवायला चार तालमी जास्त लागल्या तरी चालते. शिवाय वाजवलेले वाऱ्यावर विरून जात नाही, ते हजारो घरांत पोहोचते. फितेलबेर्गने ही सवलत पुरेपूर वापरली. १९३९ साली, युद्धाला तोंड फुटण्याच्या काही महिने आधी, त्याने एका सव्वीस वर्षांच्या तरुणाच्या ‘सिंफनिक व्हेरिएशन्स’ रेडिओवरून ऐकवल्या. त्या तरुणाचे नाव व्हितोल्द लुतोस्वाव्स्की. या कथेत तो पुढे पुन्हा येणार आहे.

सप्टेंबर १९३९मध्ये जर्मन बॉम्बफेकीखाली वॉर्सॉ रेडिओ बंद पडला. फितेलबेर्ग देशाबाहेर निसटला आणि अमेरिका खंडात जाऊन पोहोचला. लुतोस्वाव्स्की व्यापलेल्या वॉर्सॉतच राहिला. आंजेय पानुफ्निक या दुसऱ्या संगीतकाराबरोबर तो कॅफेंमध्ये दोन पियानोंवर जोडीने वाजवी आणि पोट भरी. १९४१पासून त्याने एक सिंफनी लिहायला घेतली. ती वाजवायला वृंद नव्हता आणि वृंदाला शहर उरेल याचीही खात्री नव्हती. १९४४च्या उठावाच्या काही दिवस आधी तो आईसह वॉर्सॉबाहेर पडला, तेव्हा थोडीच हस्तलिखिते त्याच्यासोबत होती. मागे राहिलेले बहुतेक सारे नष्ट झाले.

कोळशाच्या गावात

जानेवारी १९४५च्या अखेरीस लाल सेना कातोव्हित्सेत शिरली. मार्चमध्ये, म्हणजे युरोपातले युद्ध अजून चालू असताना, व्हितोल्द रोव्हित्स्की या तरुण कंडक्टरने तिथे रेडिओचा वृंद पुन्हा उभा केला. कातोव्हित्सेच का? कारणे रोकडी आहेत. वॉर्सॉ ढिगाऱ्याखाली होते, तर खाणी आणि पोलाद कारखान्यांचे हे शहर बऱ्याच अंशी शाबूत होते. तिथे १९२७पासून रेडिओ केंद्र होते, १९२९पासून संगीतविद्यालय होते. राहायला घरे होती. विस्थापित वादकाला यापेक्षा अधिक काय हवे?

इथे संशोधकाला एक प्रश्न पडायला हवा. १९३५चा वृंद आणि १९४५चा वृंद एकच का मानायचा? शहर वेगळे, राज्यव्यवस्था वेगळी, वादक बहुतांशी वेगळे. सातत्याचा धागा खऱ्या अर्थाने जुळला तो १९४७मध्ये, फितेलबेर्ग परदेशातून परतला आणि त्याने कातोव्हित्सेच्या वृंदाची सूत्रे हाती घेतली तेव्हा. रोव्हित्स्की पुढे वॉर्सॉला गेला आणि १९५०मध्ये त्याने तिथल्या फिलहार्मोनिकची सूत्रे घेतली. राजधानीला तिचा वृंद परत मिळाला, तरी रेडिओचा मोठा वृंद कातोव्हित्सेलाच राहिला. मधल्या काळात, १९४५मध्येच, स्तेफान राहोनने वॉर्सॉत रेडिओसाठी आणखी एक वृंद काढला होता. क्राकूफलाही एक रेडिओ-वृंद होता. जुन्या तबकड्यांवर या तिघांच्या नावांचा इतका घोळ आहे की कित्येक वर्षे मी तिघांना एकच समजत होतो. कातोव्हित्सेच्या वृंदाच्या आजच्या पोलिश नावात ‘मुक्काम कातोव्हित्से’ अशा अर्थाचे शब्द अधिकृतपणे जोडलेले आहेत. नवख्याला ते अनावश्यक वाटतात, परंतु या शब्दांत सगळा इतिहास आहे.

१ एप्रिल १९४८ रोजी कातोव्हित्सेत फितेलबेर्गने लुतोस्वाव्स्कीची पहिली सिंफनी प्रथम सादर केली. व्यापलेल्या शहरात सुरू झालेली, १९४७मध्ये पूर्ण झालेली ही सिंफनी फितेलबेर्गलाच अर्पण केलेली आहे. युद्धापूर्वीचाच कंडक्टर, युद्धापूर्वीचाच संगीतकार, आणि मधली नऊ वर्षे. फिनिक्सची कथा इथे संपवली तर ती फारच सुंदर दिसते. पण कथा इथे संपत नाही.

तोच हात

ऑगस्ट १९४९मध्ये वागूफ इथे पोलिश संगीतकारांची परिषद भरली. संस्कृती खात्याचा उपमंत्री व्वोजिमेश सोकोर्स्की याने तिथे समाजवादी वास्तववादाची रेषा आखून दिली. लोकांना समजेल, उमेद देईल असे संगीत हवे. बाकीचे सारे ‘फॉर्मलिझम’, म्हणजे रूपवादी चाळे. त्याच शरद ऋतूत वॉर्सॉच्या शोपँ स्पर्धेच्या निमित्ताने लुतोस्वाव्स्कीची सिंफनी वाजली, तेव्हा सोव्हिएत परीक्षक सर्वांना दिसेल अशा रीतीने उठून गेले. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे ही सिंफनी पोलंडमध्ये वाजली नाही.

या दहा वर्षांत लुतोस्वाव्स्की जगला कशावर? रेडिओवरच. मुलांची गाणी, नभोनाट्यांचे पार्श्वसंगीत, लोकधुनांची रूपांतरे अशी कामे तो करत होता. पुढे ‘देर्व्हिद’ या टोपणनावाने त्याने नाचाची लोकप्रिय गाणीही लिहिली. म्हणजे ज्या संस्थेने त्याची सिंफनी जगासमोर आणली, त्याच संस्थेने ती कपाटात ठेवली आणि त्याच संस्थेने त्याला पोटापुरते दिले. पाश्चात्त्य चरित्रकार या काळाकडे ‘हुकूमशाही आणि कलावंत’ अशा सोप्या चौकटीतून पाहतात. एक हात गळा दाबतो आणि दुसरा घास भरवतो, असे म्हणायचीही सोय इथे नाही, कारण दोन्ही कामे करणारा हात एकच आहे. आणि या हाताने सगळ्यांनाच घास दिला असेही नाही. पानुफ्निक १९५४मध्ये पश्चिमेला पळून गेला, त्यानंतर १९७७पर्यंत त्याच्या संगीताला मायदेशी मज्जाव होता. एखाद्या रेडिओ-वृंदाने काय काय वाजवले याची यादी आपण कौतुकाने वाचतो. त्याने काय वाजवले नाही याचीही यादी शेजारी ठेवली पाहिजे.

याच काळाचा आणखी एक तपशील. स्टालिनच्या मृत्यूनंतर मार्च १९५३मध्ये कातोव्हित्सेचे नाव बदलून ‘स्तालिनोग्रूद’ करण्यात आले. जूनमध्ये फितेलबेर्ग वारला. ज्या शहरात त्याने आपला वृंद पुन्हा सांभाळला, त्या शहराला त्याच्या मृत्यूच्या दिवशी स्वतःचे नावही नव्हते. डिसेंबर १९५६मध्ये ते परत मिळाले.

सा, तीव्र म, कोमल रे

फितेलबेर्गनंतर वृंद यान क्रेन्सकडे आला. त्याची कारकीर्द १९६८पर्यंत चालली आणि माझ्या मते ती या वृंदाच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची आहे. १९५४मध्ये, बंदी अजून उठलेली नसताना, क्रेन्सने लुतोस्वाव्स्कीला सुचवले की पुढच्या वर्षी बेला बार्टोकच्या मृत्यूला दहा वर्षे होतील, त्यानिमित्त काहीतरी लिही. लुतोस्वाव्स्कीला चार वर्षे लागली. ‘मुझिका झावोब्ना’, म्हणजे शोकसंगीत, ही केवळ तंतुवाद्यांसाठीची रचना २६ मार्च १९५८ रोजी कातोव्हित्सेत क्रेन्सच्या संचालनाखाली याच वृंदाने प्रथम वाजवली.

ही रचना साधारण चौदा मिनिटांची आहे आणि आपल्याकडच्या श्रोत्याने ती आवर्जून ऐकावी. तिचा सारा डोलारा दोनच स्वरांतरांवर उभा आहे. एक, षड्जापासून तीव्र मध्यमापर्यंतचे. दुसरे, षड्जापासून कोमल ऋषभापर्यंतचे. ही दोन अंतरे आलटून पालटून घेत बारा स्वरांची साखळी तयार होते. आपल्या कानाला तीव्र मध्यम आणि कोमल ऋषभ ही जोडी परकी नाही. श्री किंवा पूरिया धनाश्री ऐकणाऱ्याला तिची संध्याकाळची कातरता ठाऊक असते. पण तिथे तंबोऱ्याचा षड्ज सतत पाठीशी असतो, कितीही लांब गेलो तरी परतायला घर असते. लुतोस्वाव्स्कीच्या साखळीत प्रत्येक नवा स्वर मागच्या स्वराला क्षणभर षड्ज मानतो आणि लगेच त्याला सोडून पुढे जातो. घर हलतच राहते. चेलो एकापाठोपाठ तीच साखळी घेत येतात, गती वाढत जाते, सगळी वाद्ये बारा स्वरांच्या दाट थरावर येऊन आदळतात. मग तो थर आकसत जातो, आणि शेवटी एकच चेलो उरतो. शोक म्हणजे आधाराचा षड्ज नाहीसा होणे, हे मला इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कुठल्या रचनेने ऐकवलेले नाही.

१९५९मध्ये पॅरिसला युनेस्कोच्या आश्रयाने भरणाऱ्या संगीतकारांच्या आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर या रचनेला पहिला मान मिळाला. या व्यासपीठाची पद्धत इथे महत्त्वाची आहे. देशोदेशीची रेडिओ केंद्रे आपापली ध्वनिमुद्रणे घेऊन तिथे येतात, ती ऐकली जातात आणि निवडलेल्या रचना इतर देशांची केंद्रे प्रसारित करतात. पोलादी पडद्याआडच्या संगीतकाराला पारपत्र मिळो न मिळो, ध्वनिफीत मात्र सीमा ओलांडत होती. रेडिओ-वृंद हे त्या ध्वनिफितीचे उगमस्थान होते.

कपाटातली फीत

कातोव्हित्सेच्या मातीतला संगीतकार म्हणजे हेन्रिक मिकोवाय गुरेत्स्की. तो तिथल्याच संगीत अकादमीत शिकला, तिथेच शिकवू लागला आणि तिथेच रेक्टर झाला. पोप जॉन पॉल दुसरे यांना कातोव्हित्सेला येऊ देण्यास सरकारने नकार दिला, तेव्हा निषेध म्हणून १९७९मध्ये त्याने ते पद सोडले. १९७६मध्ये लिहिलेल्या त्याच्या तिसऱ्या सिंफनीत तीन शोकगीते आहेत. पहिले पंधराव्या शतकातले मेरीचे विलापगीत. दुसरे गेस्टापोच्या झाकोपाने इथल्या कोठडीत एका अठरा वर्षांच्या मुलीने भिंतीवर आईला उद्देशून लिहिलेला मजकूर. तिसरे ओपोले भागातले लोकगीत, ज्यात आई लढाईत हरवलेल्या मुलाला शोधते आहे. एप्रिल १९७७मध्ये फ्रान्समधल्या रोयाँ महोत्सवात ती प्रथम वाजली आणि तिथल्या नव-संगीताच्या जाणकारांनी नाके मुरडली. इतके साधे, इतके संथ, इतके सुरेल! १९७८मध्ये कातोव्हित्सेच्या वृंदाने तिचे पहिले ध्वनिमुद्रण केले. गायिका स्तेफानिया व्होइतोव्हिच, कंडक्टर येझी कातलेव्हिच.

पुढचे सर्वांना माहीत आहे. १९९२मध्ये लंडन सिनफोनिएटाचे ध्वनिमुद्रण निघाले आणि दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. ब्रिटनच्या पॉप संगीताच्या यादीत ही सिंफनी जाऊन बसली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या एका व्यापारी रेडिओ केंद्राचा या यशात मोठा वाटा होता. जगाला वाटले, अचानक एक चमत्कार सापडला. फीत तर चौदा वर्षे आधीच तयार होती! मी काळा घोड्याला घेतलेली सीडी त्या लाटेनंतरची, आंतोनी व्हित आणि गायिका झोफिया किलानोव्हिच यांची. आज तीनही ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून ऐकताना मला लंडनची आवृत्ती अधिक झुळझुळीत वाटते. आरंभी खर्जातल्या डबल बासवरून जो कॅनन सुरू होतो आणि थरावर थर चढत जातो, तो तिथे धुक्यासारखा वर येतो. कातोव्हित्सेच्या दोन्ही आवृत्त्यांत धनुष्याचा तारेवरचा दाब ऐकू येतो, श्रम ऐकू येतात. शोक सहज येत नाही हे त्या दाबातून कळते. या माझ्या मतात गावाबद्दलच्या जिव्हाळ्याचा अंश असेल, हे मान्य करतो.

व्हितची कारकीर्द १९८३ ते २०००. त्या काळात साम्यवादी राजवट संपली, सरकारी तिजोरी आटली. क्राकूफचा रेडिओ-वृंद याच संक्रमणात बंद पडला. कातोव्हित्सेचा वृंद टिकला, त्यात हाँगकाँगमधून चालणाऱ्या ‘नॅक्सॉस’सारख्या कंपनीच्या कामाचा हात होता. पूर्व युरोपातले वृंद कमी मानधनात उत्तम काम करत, म्हणून सीड्या स्वस्त. मला वाटलेल्या ‘दुय्यम’पणाचे खरे अर्थशास्त्र हे होते. दर्जाविषयी शंका असेल त्याने याच वृंदाची मेसियाँची ‘तुरांगालीला’ ऐकावी. त्या ध्वनिमुद्रणाला २००२मध्ये कानचा अभिजात संगीत पुरस्कार मिळाला.

सभागृह आणि त्यानंतर

१ ऑक्टोबर २०१४ रोजी वृंदाला स्वतःचे घर मिळाले. जुन्या ‘कातोव्हित्से’ खाणीच्या जमिनीवर तोमाश कोन्योर या वास्तुशिल्पकाराने ते बांधले. मुख्य सभागृह १८०० आसनांचे, ध्वनियोजना यासुहिसा तोयोता यांच्या जपानी संस्थेची. बाहेरून विटांचे खांब आणि त्यांच्या खाचांना लाल रंग. कातोव्हित्सेतल्या निकिशोव्हिएत्स या खाणकामगारांच्या वसाहतीत खिडक्यांच्या कडा अशाच लाल रंगवलेल्या असतात. पुढच्या वर्षी युनेस्कोने शहराला ‘संगीताचे शहर’ हा किताब दिला. २०२३पासून मरिन अल्सॉप या वृंदाच्या प्रमुख कंडक्टर आहेत.

वृंदाविषयीचे आजचे बहुतेक लेखन या सभागृहापाशी येऊन थांबते, आणि इथेच मला थोडी धास्ती वाटते. १८०० खुर्च्या भरायच्या असतात. खुर्च्या भरण्यासाठी ब्राह्म्स आणि चायकोव्हस्की लागतात. वाईट काहीच नाही त्यात. पण या वृंदाने संगीताच्या इतिहासात जी जागा मिळवली ती कुणी न मागितलेले वाजवून. १९४८मध्ये लुतोस्वाव्स्कीची सिंफनी कुणी मागितली नव्हती. शोकसंगीत एका कंडक्टरने मागितले आणि चार वर्षे वाट पाहिली. गुरेत्स्कीच्या सिंफनीची फीत झाली तेव्हा बाहेरच्या जगातल्या जाणकारांनी ती टाकाऊ ठरवली होती. त्या कामाचा पैसा सार्वजनिक होता, आणि सार्वजनिक पैशाबरोबर सरकारचा लगामही होता. आज लगाम सैल आहे, आणि युरोपभर रेडिओ-वृंद कमी करण्याची, एकमेकांत विलीन करण्याची भाषा ऐकू येते आहे. आपल्याकडेही आकाशवाणीने १९५२मध्ये राष्ट्रीय वाद्यवृंद काढला होता, पंडित रविशंकर त्याचे संचालक होते. त्याने प्रथम काय वाजवले आणि काय जपून ठेवले, हे आपल्यातल्या कितीजणांना सांगता येईल?

एखाद्या रेडिओ-वृंदाचा इतिहास लिहिताना कंडक्टरांची नावावळ आणि दौऱ्यांची यादी पुरत नाही. त्याने कोणाला प्रथम वाजवले, कोणाला वगळले आणि काय जपून ठेवले, हे तीन प्रश्न विचारावेत. कातोव्हित्सेचा वृंद पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला फार मोठे उत्तर देतो. दुसऱ्याचे उत्तर त्याच्या एकट्याच्या हाती नव्हते, तरी ते त्याच्या इतिहासातून खोडता येत नाही. माझी ती पांढऱ्या कव्हरची सीडी आता ठिकठिकाणी अडखळते. त्याच संगीताची नवी प्रत सहज मिळेल. पण कंसातल्या त्या गावाचे नाव मी जिथे पहिल्यांदा वाचले, ते कव्हर मी ठेवून दिले आहे.